आधी रिकामी नळी

प्रयोग संपला की आम्ही सगळे हव्या त्या पट्टीकडे धावायचो; अक्का मात्र आधी रिकाम्या नळीचा रकाना बघायची. त्यात काही दिसलं की आठवड्याची मेहनत पाण्यात. "रिकामीत उजेड दिसला तर तुमचा आनंद खोटा," एवढं म्हणून ती चहाला जायची. असा राग यायचा तिचा!

सिद्धेश्वर धरणावर मासेमारी करणाऱ्या घरातली ही पोरगी हैदराबादच्या आमच्या प्रयोगशाळेत सगळ्यांत ज्येष्ठ. उंदराच्या मेंदूत आठवण तयार होताना कोणतं प्रथिन डीएनएच्या कोणत्या जागी बसतं, ते आम्ही शोधायचो. फॉर्मॅलिनने दोघांना जागच्या जागी चिकटवायचं, डीएनएचे तुकडे करायचे, अँटिबॉडीने ते प्रथिन पकडायचं. त्याच्यासोबत आलेला तुकडा जेलच्या पातळ थरावर, त्या त्या नळीच्या रकान्यात, उजळ पट्टी होऊन दिसायचा. एका नळीत अँटिबॉडी घालायचीच नाही. तिथे काही दिसायला नको. ती आमची रिकामी.

पकडलेल्या प्रथिनाला चिकटलेलं नको ते सगळं आधी धुऊन काढावं लागायचं, आणि माझ्या धुण्यात नेहमी कसर राहायची. अक्का म्हणायची, "बाबा जाळं वढतेत तसंच हाय हे. माशासंगं शेवाळ येतं. नीट धू की, घाई काहून करून राहिला?" फॉर्मॅलिन घातलं की ती घड्याळावरून नजर काढायची नाही. "लई गच्च धरलं की मग सुटत न्हाई."

तिच्या प्रबंधाला एकच निकाल बाकी होता, आणि तिच्या किडन्या गेल्या. शेवटच्या नळ्या फ्रीजरमध्ये ठेवून ती गावी गेली. मग फोन आला, "माझ्यानं आता येणं व्हत न्हाई. जेल तू चालव. अन् आधी रिकामी बघ." पुढच्याच आठवड्यात ती गेली.

मी सिद्धेश्वरला गेलो. मला रडू आलं नाही. वाळत घातलेली जाळी बघत बसलो. मला काहीच कसं वाटत नाही, एवढंच वाटत होतं. निघताना तिच्या बाबांनी विचारलं, "लेकराचं काम बराबर निघालं का?"

"बघून कळवतो, बाबा."

परत येऊन जेल चालवलं. पट्ट्या दाखवणारा दिवा लावला. आधी रिकामी बघितली. काळीभोर, स्वच्छ. शेजारच्या रकान्यात पट्टी होती, ठळक, हवी तिथेच.

फोन लावला. "बाबा, बराबर निघालं."

 मग बाबांनी विचारलं, "तिला सांगितलं का?"

"हो," म्हणालो. फोन ठेवला आणि चहाला गेलो.