नवसाचे उपास

बोलता बोलता बांगड्या वर सारायची तिला सवय होती. पहिल्या वर्षी त्या मनगटाच्या थोड्या वर अडकायच्या, पुढे पुढे थेट कोपरापर्यंत जायला लागल्या. "सैल झाल्यात हो काकू," म्हणायची आणि हसायची. आता बांगड्या कधी आपण होऊन सैल होतात का? पण तोंडावर म्हणवत नसे.

चंदीगडच्या आमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये मराठी घरं दोनच, माझं आणि तिचं. मागच्या बाल्कन्या एकमेकींना लागून. मी विद्यापीठाच्या ऑफिसात नोकरीला. ती बार्शीकडची, नवरा केंद्र सरकारच्या खात्यात, आणि घरात सासू, माई. लग्नाला तीन-चार वर्षं झाली तरी मूल नव्हतं. ते दिवस अतिरेक्यांचे. अंधारायच्या आत बाविसाव्या सेक्टरमधली शटरं खाली यायची, नवरा घरी पोचला की बायका आतून कडी घालायच्या. कर्फ्यू लागला की मग आपण आणि आपल्या चार भिंती.

आमची ओळख झाली ती बाल्कनीत. पाळीचे तीन दिवस माई तिला बाहेर बसवत, आणि दोन खोल्यांच्या घरात बाहेर म्हणजे दुसरं कुठे? माझं डोकंच फिरलं. म्हटलं, मी बोलते तुझ्या सासूशी. तर ती घाईघाईनं म्हणाली, "नको हो काकू. मला इथंच बरं वाटतं." चटईवर पाय पसरून माझ्याकडचे जुने दिवाळी अंक वाचायची. ते दिवस व्रतात धरत नसत, म्हणून ताटही भरलेलं असायचं. महिन्यातून तेवढीच काय ती सुट्टी.

एरवी नुसते उपास. मूल व्हावं म्हणून सोळा सोमवार धरलेले, त्यात गुरुवार, चतुर्थी, एकादशी, शनिवारी एकवेळ. तुम्ही म्हणाल, आपल्याकडे उपास म्हणजे काय, खिचडी, रताळी, भगर, उलट चार घास जास्तच. खरं आहे, पण ते सामान गावाकडून यायचं, येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाती. त्या वर्षांत पंजाबकडे येतंय कोण? इथला वाणी साबुदाण्याचं पोतं गव्हाच्या आट्याला खेटून ठेवायचा, म्हणून तो साबुदाणा माईंना चालेना. राहिलं दूध आणि केळं. माई स्वतःही तेवढ्यावरच राहायच्या, हे सांगितलं पाहिजे. सुनेला उपाशी ठेवून आपण जेवणारी बाई नव्हती ती. म्हणून तर तिच्याशी भांडायची पंचाईत.

एका महिन्यात ती बाल्कनीत दिसली नाही. पुढच्याही नाही. मला वाटलं, चला, माईंना अक्कल आली. आणि एक दिवस माईच पेढे घेऊन दारात. डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, देवानं ऐकलं, पण इतक्यात कुणाला सांगू नका. ती मागे उभी होती, बांगड्या सारत. चेहरा असा ओढलेला की पेढा माझ्या हातातच राहिला.

माई आत वळल्या तशी ती हळूच म्हणाली, "काकू, मला आतून काहीच वाटत नाही. पण आईंचा आनंद बघितलात ना? कसं सांगू?"

कर्फ्यू सैल झाल्यावर मी तिला ओळखीच्या मराठी डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी तपासलं. दिवस गेलेले नव्हते. मग विचारलं, रोज काय खातेस? हिनं वारांप्रमाणे सांगितलं. सोमवारी काय, गुरुवारी काय. शनिवारपर्यंत येईतो बाईंनी पेन खाली ठेवलं होतं.

"पोटात अन्न नसलं की शरीर आधी पाळी बंद करतं," त्या म्हणाल्या. "त्याला तुला जगवायची मारामार, मूल कुठून वाढवणार? नीट जेवायला लाग. वेळ लागेल, पण बहुतेक परत येईल. मुलासाठी म्हणून जे करते आहेस ना, तेच आड येतंय."

रिक्षात ती म्हणाली, "मूल हवं तर जेव, हे आमच्या घरात कोण ऐकणार काकू?"

कुणीच ऐकलं नाही. माई देवापुढे जाऊन बसल्या, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनीच निकाल दिला की व्रतात कुठंतरी चूक झाली. सोळा सोमवार पहिल्यापासून. नवरा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला, आई म्हणते तसं कर. आग लागो त्या पेपराला. मी कठड्यावरून भाकरी पुढे केली तर हात मागे घेतला तिनं. उद्या मूल झालंच नाही तर मी खाल्लं म्हणून झालं नाही म्हणतील, म्हणाली. मला इतकं रडू आलं की मी भाकरी घेऊन आत गेले.

शेवटी ती कपडे वाळत घालताना चक्कर येऊन पडली. नवरा घाबरला, त्यानं तिच्या वडिलांना बोलावलं. बिचारे जीव मुठीत धरून आले. महिनाभर माहेरी नेतो म्हणाले. गाडी नेमकी सोमवारी सकाळची. माई आणि मी पोचवायला गेलो. वाटेसाठी मी फडक्यात बांधून डबा दिला, आत काय ते बोलले नाही.

स्टेशनवर तपासणी. जवानानं बंदुकीच्या नळीनं फडक्याकडे खूण केली. "बीबी, डब्बा खोलो."

तिनं उघडला. थालीपिठं, कांदा घातलेली. वास सगळीकडे पसरला. माईंचा हात झाकणाकडे गेला. "अगं, आज सोमवार."

"हो आई," ती म्हणाली. एक तुकडा मोडला आणि तिथंच, त्या बंदुकीसमोर उभ्यानं खाल्ला. मग दुसरा. घाई नाही, लाजणं नाही. जवानाला काय कळलं देव जाणे, तो बाजूला झाला. "खाओ जी, आराम से."

ती पुन्हा चंदीगडला आली नाही. सहा-सात महिन्यांत तिच्या नवऱ्याची बदली झाली, आणि पुढचं मला काही कळलं नाही.

त्या दिवशी परतताना रिक्षात माई माझ्याशी बोलायला तयार नव्हत्या. मी मनातून जरा भीतच बसले होते. अर्ध्या वाटेत, रस्त्याकडेच बघत, त्यांनी विचारलं, "दिल्लीपर्यंत पुरतील ना गं तिला?"