निंबाला रोग आहे का, बघून जा

छाटलेल्या फांद्या घंटागाडी घेऊन जाते. किस्से मात्र आमच्याकडेच साठतात, कारण ते न्यायला कोणी येत नाही.

आम्ही पिंप्राळ्यातले तिघे रिटायर्ड. नाना मूळचे अमळनेरचे, घरी अहिराणी बोलणारे, नोकरी रोपवाटिकेत झाली. भाऊ एसटीत कंडक्टर होते. मी पोस्टात. सकाळी कॉलनीतली झाडं फुकट छाटून देतो. अंगात खुमखुमी, दुसरं काय!

*

नाना प्रत्येक झाडानंतर करवत स्पिरिटने पुसतात. एका घरमालकांना ते जरा जास्तच वाटलं.

"झाडाला काय ऑपरेशन करताय का?"

नाना म्हणाले, "एका पेशंटची सुई डॉक्टर दुसऱ्याला लावतो का?"

"आमच्या गावचा लावायचा," मालक म्हणाले.

नानांनी करवत पुन्हा एकदा पुसली.

*

एक गृहस्थ भर पावसाळ्यात मागे लागले. गेटवरची फांदी आत्ताच काढा, दिवाळीला मुलगा मोठी गाडी घेऊन येतोय.

नाना ऐकेनात. "ओल्या हवेत झाडाला जखम करायची नाही. रोग आत शिरतो. पाऊस संपल्यावर बोलवा."

पाऊस संपला, दिवाळी झाली, बोलावणं काही आलं नाही. शेवटी आम्हीच शिडी घेऊन गेलो. गृहस्थ ओट्यावर बसले होते. फांदीकडे बघून म्हणाले, "राहू द्या. स्कूटर जाते खालून."

 

*

नानांचा सगळ्यात कडक नियम शेंडेमरचा. हा रोग लागला की निंबाचे शेंडे वाळत जातात. असं झाड छाटलं, की त्या दिवशी दुसऱ्या घरी जायचं नाही. हत्यारं धुवायची, उन्हात ठेवायची आणि तिथेच बसायचं. मग चहा होतो, पोहे होतात, गप्पा दुपारपर्यंत चालतात. निरोगी झाडाच्या घरी मात्र पाणीसुद्धा उभ्यानेच प्यायचं.

ही गोष्ट कॉलनीत पसरली आणि फोन सुरू झाले. "आमच्याही निंबाला रोग असेल हो, बघून जा." पिंप्राळ्यात एवढी एकटी माणसं आहेत, हे आम्हाला झाडांमुळे कळलं.

कोपऱ्यावरच्या अक्कांचाही फोन आला. मुली पुण्याला, घरात त्या एकट्याच. आम्ही गेलो तर स्वयंपाकघरातून फोडणीचा वास येत होता आणि पडवीत चार पाट मांडलेले.

नानांनी डहाळीची साल नखाने खरवडली. आत हिरवंगार होतं.

"हिरवं आहे म्हणजे जिवंत आहे. झाड ठणठणीत आहे, अक्का."

अक्कांचा चेहरा असा पडला, जणू रोगाचं निदान त्यांचंच झालंय.

"नीट बघा ना नाना. वरच्या बाजूला असेल."

"नाही. चला, पुढचं घर आहे."

गेटबाहेर आल्यावर भाऊ भडकले. "नाना, तुम्हाला झाड कळतं. बाकी काही कळत नाही!"

नाना शिडी उचलून चालू लागले. मी तेव्हा हसलो होतो.

*

श्रावणात माझी बायको गेली. मी नाना-भाऊंबरोबर जाणं सोडलं. एकट्यापुरता भात कुकरमध्ये धड शिजत नाही, खाली लागतो. तो खरवडून खायचा आणि खिडकीतून आमच्या निंबाकडे बघत बसायचं. दिवस जाता जात नव्हता. फोन करून बोलावणं मला जमलं नाही. रोग आहे असं खोटं सांगायचं तरी कुणाला, नानांना?

थंडी सुरू झाल्यावर एका सकाळी गेट वाजलं. शिडी घेऊन दोघेही उभे.

"मी बोलावलं नव्हतं," मी म्हणालो.

"तिकीट काढलंय, आता उतरवू नका," भाऊ म्हणाले.

नाना सरळ निंबापाशी गेले. खालची डहाळी ओढून त्यांनी नखाने साल खरवडली. मी शेजारीच होतो. आत हिरवंगार होतं, मला स्वच्छ दिसलं.

नानांनी त्यावर अंगठा ठेवला.

"रोग शे," ते म्हणाले. "आते दुसरा घरले जावानं नही. चहा ठेव."