फटकारा माझा, आडनाव नको

आत्ताच्या आत्ता सांगायचंय. उद्यावर टाकलं तर मी परत गप्प बसंन, मला माझीच खात्री न्हाई.

सांगलीतला आमचा छोटा स्टुडिओ. सोफ्यावर एका शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष. त्यांच्या वडलांवर फिल्म करतोय, तिचं टायटल दाखवत होतो. स्क्रीनवर ब्रशचा काळा जाड फटकारा सुरू हुतो, वळतो, आणि वळत वळत वडलांचं नाव उमटतं. साहेब लय खूश.

"कुणाचा हात हाय हा?"

"माझा, साहेब."

"व्हय? कुठली गं तू?"

"आष्ट्याची."

"आडनाव?"

सांगितलं.

साहेब दादाकडं बघून म्हणाले, "आता हितंबी ह्यांचाच नंबर व्हय? सरकार देतंय तेवढं पुरत न्हाई का?"

आणि दादा हसला.

दादा म्हणजे स्टुडिओचा मालक. आमच्या घरी जेवून गेलेला. "मावशी, ही माझी भन हाय, आमच्यात जात-बित कोण बघत न्हाई," असं आईला म्हणालेला. फिल्मच्या शेवटी माझं नाव टाकायचा शब्द त्यानंच दिलेला. पयल्यांदा येणार होतं माझं नाव कुठंतरी! मी सगळ्या गल्लीला सांगून मोकळी.

तोच दादा म्हणाला, "न्हाई वो साहेब, फटकारा माझाच हाय. ही नुसती पुसापुशी करती."

"मग नाव तुझंच टाक बाबा."

"व्हय, माझंच."

पुसापुशी म्हणं! ऐका, हे काम कसं असतंय. बघणाऱ्याला वाटतं, कुणीतरी आत्ता समोर ब्रश ओढतंय. खरं काम उलटं. आधी अख्खा फटकारा एका दमात ओढायचा. मग एकेका फ्रेममध्ये शेवटाकडनं थोडा थोडा पुसत मागं यायचं, पार काय उरत न्हाई तवर. मग सगळ्या फ्रेमांचा क्रम उलटा करायचा. चालवलं की पुसलेलं सगळं उमटत येतं. ओढलेलाबी मीच, पुसलेलाबी मीच.

साहेब म्हणाले, "वळण जरा जाड कर. आणि सावकाश येऊ दे. आत्ताच दाव."

दादा माझ्याकडं वळला. "कर गं ताई पटकन."

मी हात टेबलाखाली घेतले. म्हणलं, "फटकारा तुमचा न्हवं का दादा? तुमीच करा."

मी खुर्ची सोडली.

दादा बसला. काय करतो बिचारा! ओढला. पुसत पुसत मागं आला. आणि गडबडीत क्रम उलटा करायचाच इसरला. तसंच चालवलं. स्क्रीनवर अख्खं नाव, आणि शेवटाकडनं निघालं की नाहीसं व्हायला!

साहेब ताडकन उठले. "आरं, बाबांचं नाव पुसतंय की रं हे!"

मला हसू आलं. खोटं कशाला बोलू.

दादा जवळ येऊन हळूच म्हणाला, "बस की गं ताई. इज्जत जातीया माझी."

"माझी गेली तवा हसला की तुमी."

पिशवी उचलली आणि निघाले. आष्ट्याची एसटी येईस्तोवर स्टँडवर उभी हुते.

काल फोन आला त्याचा. "राग सोड गं. टाकतो तुझं नाव. नुसतं पयलं टाकू. आडनाव नको, साहेब बिचकतात. समजून घे की."

हसला तवा लागलं नव्हतं एवढं हे लागलं. कारण हे तो मायेनं बोलत हुता. त्याला वाटतंय, ही त्याची मेहेरबानी हाय.

"अख्खं नाव टाका. न्हाईतर माझा फटकारा काढा त्यातनं."

"आगं, नोकरीचा तर इचार कर."

"केला."

फोन ठेवला. आई चुलीपाशी ऐकत हुती. मग एवढंच म्हणाली, "माझ्या हातचं जेवून गेला की गं त्यो."

मी परत जाणार न्हाई. दुसरं काम मिळंल, न मिळंल. पण हितनं पुढं आडनाव सोडून माझा हात कुणाला मिळायचा न्हाई. अर्धं नाव म्हणजे भीक हाय, आणि मी भीक मागायला बसलेली न्हाई.

तुमच्यासंगं झालंय का असं? घरात जेवून गेलेल्या माणसानं, गोड आवाजात, आडनाव झाका म्हणून सांगितलंय का? तवा तुमी काय केलं? लिवा खाली. अख्ख्या नावानं लिवा.