आजीची थायरॉईडची गोळी

दवाखान्याच्या बाकावरूनच लिहितेय.

माझी मुलगी दहा वर्षांची, अंगानं जाड. गेल्या आठवड्यात रक्ताच्या रिपोर्टमध्ये तिचा थायरॉईडचा टीएसएच किंचित जास्त आला. डॉक्टरांना दाखवू म्हणत मी दिवस ढकलले. आज सकाळी ती म्हणाली, "आई, छातीत लई धडधडतंय." हात ठेवला तर खरंच!

सासूबाई म्हणाल्या, "काय न्हाय होत. रोज चहाआधी माझी थायरॉईडची गोळी देतेय की तिला. आजार एकच हाय, मग गोळी पण तीच."

तिला मागं बसवून जुळे सोलापुरातल्या घरून सात रस्ता चौकातल्या दवाखान्यापर्यंत स्कूटर कशी आणली, देव जाणे.

डॉक्टर म्हणाले, "वजन वाढलं की मुलांचा टीएसएच थोडा चढतो. वजन उतरलं की बहुतेकदा तोही उतरतो. एवढ्यासाठी गोळी लागतच नाही. रोज एकच घ्यायचीस ना बाळ?"

ती खाली बघत म्हणाली, "आजी देवपूजेला बसली की मी अजून दोन घ्यायचे. लवकर बारीक व्हायला."

डॉक्टरांनी लगेच तिला ॲडमिट केलं. आता ईसीजीच्या वायरी लावून पडलीय. मघाशी हळूच विचारलं, "आई, थोडी तरी बारीक झाले का गं मी?"

काय सांगू तिला? तुम्हीच सांगा.