नळीतलं माहेर

संगमनेरात हलवायाकडे जाऊन जिलबी न खाता परत येणारा माणूस एकच, आणि तो आमच्याच घरात निघावा हे माझं नशीब. माझे धाकटे दीर कॉलेजात शिकवतात, ते फावल्या वेळात. एरवी ते यीस्ट गोळा करतात. जिथे काही आंबतं, फसफसतं, तिथे भावजी काचेची नळी घेऊन हजर. उसाचा शिळा रस, नीरेचं मडकं, माझं आंबोळीचं पीठ, काहीच सुटत नाही. हलवाई एकदा वैतागलाच, "अवो मास्तर, जिलबी खावा की! घोळ कशाला नेता?" भावजी म्हणाले, "जिलबी खाल्ली की संपते. घोळ वाढतो." माझ्या फळीवर जिरं, मोहरी, हळद आणि मग नळ्या, असा क्रम मीच लावून दिलाय, नाहीतर कधीतरी आमटीत पडल्या असत्या.

लग्नात कुणी "पोरगी अगदी आत्यावर गेलीय" म्हटलं, की भावजी मध्येच, "रूपावर जाऊ नका!" यीस्टच्या जातीही म्हणे आजवर रूप आणि खाणं बघूनच ठरत आल्या, कुणाला कोणती साखर पचते, यावर. आता थेट पेशीतला डीएनए ताडून पाहायचा. दोघांचे धागे तापवून सुटे करायचे आणि एकत्र निववायचे. नातं जवळचं असेल तर याचा धागा त्याच्या धाग्याला जुळतो.

अकोले तालुक्यात, सासूबाईंच्या माहेरी, मोहाच्या फुलात त्यांना एक यीस्ट सापडलं. त्याचं खाणं पुस्तकातल्या कुणाशीच जुळेना. नवी जात ठरली तर आईचं नाव देणार, असं त्यांनी जाहीर केलं. "मोहाच्या फुलातल्याला माझं नाव? लोकं म्हनतील, म्हातारी दारूत हाय," सासूबाई म्हणाल्या आणि दुपारपर्यंत गल्लीभर सांगून आल्या. मग रोजचं विचारणं, "माझं नाव कुठवर आलं रं?"

शेवटी भावजी नळ्या घेऊन पुण्याला एका मित्राच्या प्रयोगशाळेत गेले. परतले ते उतरलेल्या चेहऱ्याने. आधी जेवण, मग बातमी, हा माझा नियम, पण त्यांनी पाय धुण्याआधीच सांगून टाकलं, "आई, नाव गेलं. तुझ्या माहेरचं यीस्ट आणि हलवायाच्या घोळातलं, पुस्तकात आधीच नाव असलेलं, एकाच जातीचं निघालं. धागे जुळले."

सासूबाईंनी पदर खोचला. मग म्हणाल्या, "म्हंजी माझ्या माहेरचं मानूस इतकी वर्सं पेठेत ऱ्हातंय, अन् मला पत्ता न्हाई? जा, जिलबी आण!"

त्या दिवशी भावजींनी पहिल्यांदा घोळ सोडून जिलबी आणली. सासूबाईंनी ती माहेरची म्हणून गल्लीत वाटली.

सासूबाईंना जाऊन आता वर्ष झालं. नळ्या अजून येतात, पण नाव कुठवर आलं हे विचारणारं कुणी नाही. म्हणून फळी पुसताना मीच विचारते, "काय भावजी, हिचं नाव काय ठेवणार?"

ते नळी उजेडात धरतात. "थांबा वहिनी. आधी आईकडचं कुणी आहे का, बघू."