शेळीला पहिली जागा

शेळ्यांचा वास आला की साखरशेतच्या शाळेत मी घ्यायचो तो इंग्रजीचा वर्ग आठवतो. एका मुलीनं घरची गोष्ट लिहिली होती, ‘आमच्या शेळीला बिबट्यानं मारलं.’ शेळी आधी, बिबट्या नंतर, असंच तिनं इंग्रजी केलं, आणि शेळीनंच बिबट्याला मारलं असा अर्थ झाला. “तुझी शेळी पैलवान गं!” पोरं हसली. ती दप्तर उचलून निघाली. “थांब बाय,” मी म्हणालो, “आपल्याकडं ‘ला’ आणि ‘नं’ अर्थ सांभाळतात, इंग्रजीत तो शब्दाच्या जागेवर ठरतो. बिबट्या पहिला लिही.” ती दारातूनच म्हणाली, “मेली आमची शेळी, न् पहिला मान त्याला?” मग मी फळ्यावर शेळीलाच पुढं ठेवून ‘मारली गेली’ असं इंग्रजी वाक्य लिहिलं. ती परत येऊन बसली. आज लोकांच्या नुकसानीचं पत्रक लिहिताना मी आधी विचारतो, गेलं कोणाचं? वाक्य त्याच्यापासून सुरू होतं.