आधी पाणी, मग तेजाब

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना वडिलांनी माझे शिक्षण बंद करायचे ठरवले. माझ्या सदऱ्याच्या बाहीला भोके पडली होती. कशाची, असे त्यांनी विचारले आणि मी खरे ते सांगितले. कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या गंधकाच्या तेजाबाची, म्हणजे सल्फ्युरिक ॲसिडची.

आमच्या घरात हा शब्दसुद्धा कोणी काढत नसे. नाशकातले बाकीचे तांबट भट्टीतून निघालेल्या तांब्यावरचा काळा थर पातळ तेजाबाने उतरवत. आम्ही मात्र चिंच आणि राख घेऊन घासत बसायचो, कारण तेजाब पातळ करताना धाकट्या काकांचा डोळा गेला होता.

"एका घरातून एक डोळा पुरे झाला," वडील म्हणाले. "सोमवारपासून दुकानात बसायचं."

त्यांच्यापुढे बोलायची माझी हिंमत नव्हती. रसायनशास्त्राच्या सरांना मी कसेबसे सांगितले. ते रागावतील असे वाटले होते, पण ते म्हणाले, "वडिलांना घेऊन ये. तांबं भट्टीतून काढल्यावर काळं का पडतं, ते मी पुस्तकातून शिकवतो. त्यांनी ते रोज पाहिलंय."

शनिवारी वडील आले. प्रयोगशाळेच्या दाराशी त्यांनी वहाणा काढल्या. सरांनी रॉकेलात बुडवून ठेवलेला सोडियमचा एक तुकडा चिमट्याने काढला आणि सुरीने कापला. आतून तो चांदीसारखा चमकला आणि बघता बघता मळकट झाला.

"हा धातू?" वडिलांनी विचारले, आणि सवयीने दाबून पाहायला अंगठा पुढे केला.

सरांनी त्यांचे मनगट धरले. "अहो, थांबा! घाम असतो बोटांना. तेवढं पाणीही याला पुरतं."

मग मुगाएवढा कण त्यांनी पाण्यात टाकला. तो गोल होऊन फुसफुसत पाण्यावर इकडून तिकडे धावला आणि नाहीसा झाला. वडील हसले. ते बाहेरच्या माणसापुढे फारसे हसत नसत.

"मास्तर, आमच्या गल्लीत हे दाखवू नका. लोक नारळ घेऊन येतील."

"म्हणूनच रॉकेलात ठेवतो. हवा नको, पाणी नको. त्याचा स्वभाव ओळखला की तो आपल्या कामाला येतो."

वडिलांचे हसू मावळले. "तेजाबाचा स्वभाव काय? माझ्या भावानं तर ते शांत करायलाच पाणी ओतलं होतं. तापलेल्या तांब्यावर ओततो तसंच."

"तेजाबावर पाणी ओतलं?"

"हो. आम्ही सगळे म्हणालो, हात थरथरला असेल."

सरांनी एक खुर्ची पुढे ओढली आणि वडिलांना बसवले. मग हळू समजावले, की तेजाब जड असते, वरून पडलेले पाणी वरच राहते, एका क्षणात उकळते आणि तेजाब घेऊन उसळते. "हात दगडासारखा स्थिर असता तरी हेच झालं असतं. आधी पाणी घ्यायचं. त्यात तेजाब, थेंब थेंब, ढवळत."

वडील खुर्चीतून उठले. मग माझ्याकडे वळले. "तुला येतं?"

मी पाणी घेतले. काचेच्या कांडीवरून तेजाब थेंब थेंब सोडत ढवळत राहिलो. सर मदतीला आले नाहीत, खिडकीशी उभे राहिले. त्यांनी माझ्यावर तेवढा भरवसा ठेवला याचे मला आजही नवल वाटते. भांडे हळूहळू गरम झाले, पण एक थेंबही उडाला नाही. वडिलांनी भांड्याजवळ हात नेला, ऊब घेतली आणि या वेळी स्वतःच मागे घेतला.

"सोमवारी दुकानात येऊ नकोस," ते म्हणाले.

घरी पोचल्यावर ते हातपाय न धुता आधी काकांकडे गेले. काका ऐरणीशी बसून हंड्याला ठोके देत होते. वडिलांनी त्यांच्या हातातला हातोडा काढून बाजूला ठेवला आणि म्हणाले, "ऐक, तुला काहीतरी सांगायचं राहिलंय."